एकट्या नोकरदार आईला हक्काचं नेमकं काय मिळतं? हिशोब लावायला मदत हवी आहे

अबोली_नाशिक

नमस्कार. इथे नेहमी वाचत असते, लिहिते आहे पहिल्यांदाच. गेल्या श्रावणात माझे मिस्टर हार्ट अटॅकने गेले. वय ४१. अंबडच्या एका कारखान्यात ११ वर्षं कायम कामगार होते. बेसिक आणि डीए मिळून १८,०००, बाकी भत्ते वेगळे. मी सातपूरला एका लहान कंपनीत अकाउंट्स बघते, एकूण पगार १९,५००. मुलगी आठवीत आहे, मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. सासूबाई आमच्याजवळच असतात.

सेतू केंद्रात चौकशी केली तर म्हणाले, "तुम्ही नोकरी करता ना, मग तुम्हाला काही नाही." मैत्रीण म्हणते लाडकी बहीण मिळेल. दीर म्हणतात पेन्शन आहे, पण नोकरी सोडलीस तरच. मिस्टरांच्या कंपनीने पीएफचा एक फॉर्म भरून घेतला, त्याचे १,९२,००० खात्यात आले (मधे घरासाठी काढले होते म्हणून कमी). त्यापुढे कुणी काही बोललं नाही.

मला कुणापुढे हात पसरायचे नाहीत. पण जे मुलांचं आहे ते माझ्या अज्ञानामुळे बुडू नये, एवढंच वाटतं. कुणी नीट मांडून सांगेल का?

कारकून_काका

अबोली, फार वाईट झालं. धीराने घेते आहेस, लिहिण्यावरून कळतं.

माझी उभी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली, त्यामुळे त्या बाजूचं खात्रीने सांगतो. आधी डोक्यात दोन ढीग कर. एका ढिगात सरकारच्या योजना. तिथे उत्पन्नाची मर्यादा असते, म्हणून तुझा पगार आडवा येतो. दुसऱ्या ढिगात मिस्टरांनी स्वतः नोकरी करून, पगारातून कापून घेऊन मिळवलेले हक्क. त्याला तुझ्या पगाराशी काही देणंघेणं नाही. तू महिना लाख रुपये कमावत असतीस तरी ते तुझेच. सेतूवाल्याने पहिल्या ढिगाबद्दल सांगितलं आणि तू ते दोन्हींना लावून घेतलंस. बहुतेक बायकांचं नुकसान इथेच होतं.

आता दुसरा ढीग उघडू. पीएफ मिळाला, पण त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी असतात.

पहिली विमा, म्हणजे ईडीएलआय. नोकरीत असताना सभासद गेला तर वारसांना मिळतो. यासाठी कामगाराच्या पगारातून काही कापत नाहीत, मालक भरतो, म्हणून घरी कुणाला पत्ताच नसतो. हिशोब असा: शेवटच्या १२ महिन्यांचा सरासरी पगार, पण १५,००० च्या वर धरत नाहीत, त्याची ३५ पट. म्हणजे ५,२५,०००. त्यात पीएफ खात्यातल्या १२ महिन्यांच्या सरासरी शिलकेच्या निम्मे, जास्तीत जास्त १,७५,०००. तुमची सरासरी शिल्लक १,८०,००० धरली तर ९०,०००. एकूण ६,१५,०००. कमाल मर्यादा ७ लाख. याचा फॉर्म ५ आयएफ.

दुसरी पेन्शन, ईपीएस ९५. दहा वर्षं नोकरी झाली पाहिजे ही अट स्वतःच्या निवृत्तिवेतनाला आहे. नोकरीत मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन लागू होते. सूत्र: १५,००० गुणिले ११ भागिले ७० म्हणजे साधारण २,३५७. योजनेत विधवा पेन्शनचा एक तक्ता आहे, त्यातली रक्कम याहून जास्त निघाली तर ती मिळते. एक हजाराच्या खाली येत नाहीच. शिवाय प्रत्येक मुलाला तुझ्या पेन्शनच्या २५ टक्के, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. म्हणजे ५८९ आणि ५८९. घरात महिन्याला कमीत कमी ३,५३५. फॉर्म १० डी. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, त्यामुळे मधल्या महिन्यांची थकबाकी एकरकमी येईल.

दिरांना सांग, नोकरी सोडायची काही गरज नाही. पुढे पुनर्विवाह केलास तर तुझी पेन्शन थांबते, पण मुलांची थांबत नाही, उलट अनाथ पेन्शनच्या दराने म्हणजे ७५ टक्क्यांनी मिळते. हे सांगायची वेळ ही नव्हे, पण माहीत असावं.

आणि ग्रॅच्युइटी मिळाली का? त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.

अबोली_नाशिक

काका, ग्रॅच्युइटीचं नावच कुणी काढलं नाही. पेन्शनचं विचारलं तेव्हा एचआरमधल्या बाईंनी "ते पीएफ ऑफिस बघतं" म्हणून सांगितलं. फॉर्म कुठला भरला होता तेही आठवत नाही. त्या दिवसांत समोर येईल त्यावर सह्या केल्या.

कारकून_काका

मग फॉर्म २० तेवढा भरला असणार, तो फक्त पीएफ काढायचा. मृत्यूच्या दाव्यासाठी एकत्रित अर्जही असतो, त्यात पीएफ, पेन्शन, विमा तिन्ही येतात. आता पेन्शन आणि विम्याचे अर्ज राहिलेत ते भर. लागणारे कागद: मृत्यूचा दाखला, तुझं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, तुझ्या आणि मुलांच्या खात्याचे तपशील (मुलांच्या खात्याला पालक म्हणून तुझं नाव). मालकाची सही लागते. टाळाटाळ केली तर थेट पीएफ कार्यालयात जा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात त्यांचं शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात. पेन्शन चालू झाल्यावर दरवर्षी जीवन प्रमाणपत्र द्यायला विसरू नकोस, नाहीतर ती बंद पडते.

ग्रॅच्युइटी: दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला लागू. पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत नाही, तुमची तर ११ झालेली आहेत. १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ११, म्हणजे १,१४,२३१. मालकाने ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं.

निर्मळ

काकांनी मोठं काम केलं. माझी भर छोटी आहे. मिस्टरांच्या पगाराच्या खात्याचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात. २० रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विमा, पण तो फक्त अपघाताला आहे. खातं बंद करायच्या आधी बघा.

दुसरं, तुमच्या स्वतःच्या पगारपत्रकात ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याची कपात आहे का? १९,५०० वर १४७ रुपये दिसायला हवेत.

अबोली_नाशिक

हो, १४७ च कापतात. पण मुलांची नावं मी कधी घातलीच नाहीत, मिस्टरांच्या कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी होती म्हणून. पासबुक उद्या भरून आणते.

निर्मळ

मुलांची नावं या आठवड्यात घालून घ्या, दोघांचं आधार लागेल. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. पगार वाढून त्याच्या वर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) तुम्ही आतच राहता. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डालाही आहे, ५ लाखांपर्यंत. त्यासाठी रेशनकार्डावरचं मिस्टरांचं नाव कमी करून कार्ड अद्ययावत करून ठेवा.

रानजाई

अबोली ताई, मी जिल्ह्यात एकल महिलांसोबत काम करते. पहिल्या ढिगाबद्दल बोलते, कारण तिथेही सरसकट "नाही" असं नाही.

संजय गांधी निराधार योजना: महिना १,५००, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. तुमच्या जवळजवळ एका महिन्याच्या पगाराइतकी ती मर्यादा आहे. तिथे वेळ घालवू नका. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी, तेही नाही.

लाडकी बहीण: नव्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ लाच संपली. पुन्हा उघडली असं धरलं तरी मर्यादा कुटुंबाच्या अडीच लाखांची. तुमचा पगार वर्षाला २,३४,०००, म्हणजे आत. पण काकांनी सांगितलेली पेन्शन सुरू झाली की त्यात ४२,४२० ची भर पडते आणि आकडा २,७६,४२० वर जातो, म्हणजे बाहेर. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण दीड हजारांपायी पेन्शनचा अर्ज मागे ठेवणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत. तसं करू नका. पेन्शन तुमची जन्मभराची आहे आणि ती कायद्याने बांधलेली आहे. योजनेचे निकष दर अर्थसंकल्पाला बदलू शकतात.

आता जे मिळू शकतं ते. बालसंगोपन योजना, आताचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एका मुलाला महिना २,२५०, अठरा वर्षांपर्यंत. पैसे मुलाच्या संगोपनासाठी आहेत, आईच्या निराधारपणासाठी नाहीत, हे लक्षात घ्या. वडील किंवा आई वारलेली मुलं, घटस्फोटित किंवा सोडून दिलेल्या पालकाची मुलं यात येतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन चौकशी करतो, मुलांना बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि आदेश समिती देते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतात, मुलांचे बोनाफाइड, मृत्यूचा दाखला, रहिवासी पुरावा. खिडकीवर कुणी "पगार आहे, अर्जच करू नका" म्हणालं तर ऐकून परत फिरू नका. निर्णय खिडकीचा नाही, समितीचा आहे. मी खात्री देऊ शकत नाही, पण अर्ज टाका आणि अर्जात घराचा खरा खर्च लिहा: भाडं किंवा हप्ता, शाळेची फी, सासूबाईंची औषधं.

मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजना, तिचे ४,००० असतात. पण शहरात उत्पन्नाची मर्यादा ९६,००० आहे, त्यामुळे ती तुमच्यासाठी नाही. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्या वाचणाऱ्यांनी मात्र तिची चौकशी जरूर करावी.

देवा_७७

उत्पन्नाचा दाखला थोडा कमी काढला की सगळंच बसतं. आमच्याकडे सगळे तेच करतात.

रानजाई

देवा, हे इथे सुचवू नका, कळकळीने सांगते. अबोली ताईंच्या पगारातून पीएफ आणि ईएसआय कापला जातो, म्हणजे त्यांच्या पगाराची नोंद सरकारदरबारी आहेच. लाडकी बहीणच्या पडताळणीत कित्येक नावं निघाली. खोटा दाखला उघड झाला तर मुलांचं बालसंगोपनही अडचणीत येईल. ज्या बाईच्या घरात आता एकच कमावती व्यक्ती आहे तिला असल्या जोखमीत ढकलायचं नाही.

जि_प_गुरुजी

मुलगा पहिलीत जाणार म्हणता, तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांचं बघा. दुर्बल घटकाला उत्पन्नाची मर्यादा १ लाख आहे, ती तुम्हाला बसणार नाही. पण मुलाचा जातीचा दाखला असेल आणि तो वंचित घटकात येत असेल तर उत्पन्न बघत नाहीत. अर्जात एकल पालक असा पर्याय आहे, तिथे तुमचेच कागद चालतात. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या आधी निवडा. मुलीसाठी पुढचं लक्षात ठेवा: २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा.

मीही एकल पालक आहे. पत्नी वारली, मुलगी सात वर्षांची. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुषालाही ती मिळते. केंद्रात ७३० दिवस आहेत. माझ्या अनेक सहकाऱ्यांना हे पुरुषाला लागू आहे हेच माहीत नाही. मुलीला ताप आला की वर्ग सोडून पळावं लागत होतं, या रजेने मोठा आधार झाला.

परतीचा_पाऊस

माझी गोष्ट वेगळी आहे. नवरा वारलेला नाही, घर सोडून गेला. घटस्फोट नाही, पैसे देत नाही. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, १४,००० मिळतात. मुलगा नऊ वर्षांचा. वरच्या दुसऱ्या ढिगातलं मला काहीच लागू नाही. माझ्यासारखीने कुठून सुरुवात करायची? सासरचे म्हणतात, "कमावतेस ना, मग पोटगी कसली मागतेस?"

वकीलताई

पाऊस, तुमच्या बाबतीत सुरुवात पोटगीपासून. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्यात मुलाची पोटगी स्वतंत्र मागता येते आणि ती तुमच्या पगारावर अवलंबून नाही. मुलगा दोघांचा आहे, त्याचा खर्च दोघांचा. तुमच्या स्वतःच्या पोटगीबद्दल सांगायचं तर, पत्नी कमावते एवढ्याच कारणाने ती नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. त्याच निकालामुळे आता दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. म्हणून अर्ज जितका लवकर तितकं बरं. मागच्या वर्षांचं सहसा हाती लागत नाही.

वकिलाच्या फीची काळजी करत असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बहुतेक जिल्हा न्यायालयांच्या आवारातच कार्यालय असतं. स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करता म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

नवऱ्याने पूर्वी पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, मुलाच्या फीच्या पावत्या, नवरा कुठे काम करतो याचा जो काही पुरावा असेल तो (अगदी युनिफॉर्मातला फोटोसुद्धा) एका फायलीत लावा. आणि रानजाईंनी सांगितलेल्या बालसंगोपनचा अर्ज समांतर टाका. पती सोडून गेलेल्या आईची मुलं त्यात येतात, घटस्फोटाचा कागद नसला तरी गृहचौकशीत परिस्थिती मांडता येते.

अबोली, तुम्हालाही एक विचारते. पीएफला नॉमिनी कोण होतं?

अबोली_नाशिक

पीएफला मीच होते. ग्रॅच्युइटीला बहुतेक सासूबाई असतील, नोकरीला लागले तेव्हा आमचं लग्न झालं नव्हतं.

पासबुक भरून आणलं. मे महिन्यात ४३६ ची नोंद आहे. बँकेत विचारलं, पॉलिसी चालू होती म्हणाले, दाव्याचा फॉर्म दिला. निर्मळ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

वकीलताई

ईपीएस पेन्शनसाठी नॉमिनी कुणीही असो, पत्नी आणि मुलांचाच पहिला हक्क. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत, लग्नाआधीचं नामनिर्देशन म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सासूबाई तुमच्याजवळ राहतात, नातं चांगलं दिसतं, तर त्यांना शेजारी बसवून मोकळेपणी बोला. मुलाच्या मिळकतीत आईचाही वाटा असतो, त्या वारस आहेत हे आपण विसरायचं नाही. फक्त घरातल्या कुणीही "ना हरकत" म्हणून कोरा कागद पुढे केला तर सही करू नका, त्यांच्याही सह्या होऊ देऊ नका. आधी विधी सेवा प्राधिकरणात दाखवा.

शेवंता

माझे मिस्टर सेंटरिंगचं काम करायचे. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती आणि ती चालू होती. नैसर्गिक मृत्यूचे २ लाख मिळाले आणि विधवेला वर्षाला २४,००० असे पाच वर्षं मिळतात. माझी धुण्याभांड्याची कामं चालू होती तरी कुणी अडवलं नाही. ज्यांचे मिस्टर बांधकामावर होते त्यांनी नोंदणीचं कार्ड शोधा.

जि_प_गुरुजी

काका, एक राहिलं. माझी पत्नी एका खासगी कंपनीत होती, तिचाही पीएफ कापला जायचा. वारली तेव्हा नोकरीत होती. पुरुषाला ईपीएस पेन्शन मिळते का?

कारकून_काका

मिळते, गुरुजी. पती असो की पत्नी, हयात जोडीदाराला सारखाच हक्क, आणि मुलीचे २५ टक्के वेगळे. तुम्ही सरकारी पगारात आहात म्हणून अडत नाही. किती वर्षं झाली याची चिंता न करता १० डी भरा.

अबोली_नाशिक

काका, सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मिस्टरांच्या कंपनीत जाणार आहे. तोंडी बोलायला गेले की मला रडू येतं आणि त्या बाई घाईघाईत वाटेला लावतात. पत्रात काय लिहू?

कारकून_काका

बोलूच नकोस, पत्र दे. असं लिही:

"माझे पती आपल्या कारखान्यात कायम कामगार होते. (नाव, टोकन नंबर, रुजू झाल्याची तारीख, मृत्यूची तारीख.) त्यांची ग्रॅच्युइटी अद्याप मिळालेली नाही. ग्रॅच्युइटी कायद्यानुसार होणारी रक्कम व्याजासह द्यावी. त्यांनी केलेल्या नामनिर्देशनाची प्रत द्यावी. सोबत जोडलेल्या फॉर्म १० डी आणि फॉर्म ५ आयएफवर सही-शिक्का करून द्यावा. यांपैकी काही देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे."

दोन प्रती ने. एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेव. शिक्का द्यायला नकार दिला तर तिथे वाद न घालता बाहेर येऊन तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठव. तीस दिवसांत काही हललं नाही तर ग्रॅच्युइटीसाठी कामगार आयुक्त कार्यालय आणि बाकी दोन्हींसाठी पीएफ कार्यालय. तिथे ही शिक्क्याची प्रत लागेल. सोमवारी काय झालं ते इथे लिही, पुढचं पत्र लागलं तर मी लिहून देतो.